भाराखालचें व्होल्टेज

मुरबाड तालुक्यांतील कोणाही शेतकऱ्यास विचारा. विहिरीवरील पंप पाणी ओढीनासा झाला म्हणजे तो लागलीच मोटरीस दोष देत नाहीं. आधीं विजेचा दिवा लावून पाहतो. आणि दिवा लख्ख लागला तरी त्यावर विसंबत नाहीं. लांबच लांब तारेच्या टोंकास असलेल्या विहिरीवर दिवा चांगला जळतो, आणि पंपाची कळ दाबतांच तोच दिवा पिवळा पडतो, हें त्याच्या नित्य पाहण्यांतलें आहे. वीज असते, परंतु भार सोसण्याइतकी नसते. हें गांवठी ज्ञान आमच्या घरीं एका खेळण्याच्या कामीं आलें, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू शहापुरास बारावीच्या वर्गांत आहे. सणावारीं मिळालेले पैसे दोन वर्षें सांठवून त्यानें जेट विमानाची फोमची प्रतिकृति घेतली. खऱ्या जेटप्रमाणें हींत इंधन जळत नाहीं. पोटांतील नळींत ६४ मिलिमीटर व्यासाचा पंखा असतो. तो मिनिटास ४०,००० च्या आसपास फेरे घेतो आणि मागें फेंकलेल्या हवेच्या जोरावर विमान पुढें जातें. त्यासाठीं चार घटांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरींतून ५० अँपिअर प्रवाह वाहतो. छताचे दहा पंखे जेवढ्या शक्तीनें फिरतील, तेवढी शक्ति लिंबाएवढ्या मोटरींत कोंडलेली! आम्हांस प्रथम हें खरेंच वाटेना.

तक्रार अशी होती. घरांत मेजावर विमान नुसतें चालवून पाहिलें तर पंखा असा गर्जे कीं ओसरीवरील वर्तमानपत्र उडून जाई. परंतु भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत नेऊन हातानें सोडलें, कीं सागाच्या उंचीपर्यंत चढे, आवाज एकाएकीं बसे, आणि स्वारी खालीं. असें तीनदां झालें. तिसऱ्या खेपेस तें वाळलेल्या गवतांत पडलें. शहापूर-मुरबाडकडे माघ-फाल्गुनांत गवत कसें पेटतें हें इकडच्या लोकांस सांगावयास नको; आणि फुटलेली लिथियम बॅटरी पडल्यानंतर कांहीं मिनिटांनींही पेट घेऊं शकते. बंधूंनीं निर्वाणीचें सांगितलें: आठ दिवसांत दोष सांपडला तर ठीक, नाहीं तर हें विमान घरांत राहणार नाहीं. ज्या दुकानांतून माल आणला होता त्या दुकानदारानें दूरध्वनीवरच निदान केलें, "मोटर जळली; मोटर आणि नियंत्रक दोन्ही नवीं घ्या." मुलाच्या डब्यांत एवढे पैसे नव्हते.

आम्हांस विजेचें शास्त्र येत नाहीं. आयुष्य शब्दरूपें आणि समास घोटून घेण्यांत गेलें. मात्र संस्कृत येतें म्हटल्यावर शेजारचे एक गृहस्थ येऊन विचारते झाले, "मास्तर, विमानविद्या तर आपल्याच ग्रंथांत आहे ना?" त्यांस आम्हीं सांगितलें कीं, 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो ग्रंथ दाखवितात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं तपासला, तो विसाव्या शतकांत रचलेला असून त्यांतील विमानें उडणें शक्य नाहीं, असें त्यांस आढळलें. आपल्या नैयायिकांनीं खरोखर दिलें तें निराळेंच: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असतां कार्य घडतें काय, आणि तें काढून घेतलें असतां कार्य थांबतें काय, हें दोन्ही बाजूंनीं पाहावयाचें. आणि पाहतांना एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची. नातवास आम्हीं एवढेंच सुचविलें. बाकी सर्व त्याचें.

त्यानें मित्राचा वॉटमीटर आणून बॅटरी आणि नियंत्रक यांच्या मध्यें जोडला. विमान अंगणांतील बाजेस दोरांनीं घट्ट आंवळलें आणि पंख्याच्या पुढेंमागें कोणास फिरकूं दिलें नाहीं. स्वस्थ असतां कांटा १६.७ व्होल्ट दाखवीत होता, म्हणजे बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली. कळ पुरती पुढें ढकलली मात्र, १३ व्होल्ट! कांहीं क्षणांत आणखी घट आणि पंखा मंदावला. व्होल्टेज ठराविक मर्यादेखालीं गेलें कीं बॅटरी वांचविण्यासाठीं नियंत्रक स्वतःच मोटरीची शक्ति आंखडती घेतो. मेजावर क्षणभर चालविल्यानें हें कधींच दिसलें नसतें. फेरे १० टक्क्यांनीं घटले तर जोर सुमारें १९ टक्क्यांनीं घटतो. मग विमान चढावें कसें? मोटर जळलेली नव्हती, ती उपाशी होती.

वीज थांबवून, बॅटरी सोडवून, त्यानें एकेक सांधा बोटानें चांचपला. एक भाजण्याइतका तापला होता. डाख नीट बसलेला नव्हता. अवरोध एका ओहमचा शंभरावा हिस्सा असला, तरी ५० अँपिअरांस तेथें २५ वॅट उष्णता निघते. डाख देण्याचें लहानसें विद्युत् उपकरण तेवढ्याच शक्तीचें असतें! सांधा पुन्हा केला. व्होल्टेज साडेतेरांवर आलें, पंखा थोडा अधिक टिकला. पण दुखणें पुरतें गेलें नाहीं.

मग मित्राची बॅटरी ह्या विमानांत घातली: १५.७ व्होल्ट, आणि गर्जना अखंड. उलट आपली बॅटरी मित्राच्या विमानांत घातली, तर तें निरोगी विमानही धापा टाकूं लागलें. आम्हीं बाजेवरून उठून मुलाची पाठ थोपटली. पुढें त्यानें भाराखालीं प्रत्येक घट निराळा मोजला. तीन घट ३.६ वर उभे होते, चवथा २.६ वर कोसळला होता. स्वस्थ असतां चौघेही सारखेच दिसत! एकत्र कुटुंबांत एक भाऊ खंगला तरी बाकीचे तिघे घराची बेरीज संभाळून नेतात आणि बाहेरच्यास कळत नाहीं, तसेंच हें. फरक एवढाच कीं येथें त्या दुबळ्यालाच सर्वांइतका प्रवाह वाहून न्यावा लागतो, आणि तो आणखीच खचतो.

परीक्षेच्या दिवसांत ही बॅटरी पूर्ण भरून पत्र्याखालच्या कपाटांत ठेविली होती, आणि वैशाखाच्या उन्हांत ती दोन महिने तशीच राहिली. अशा बॅटऱ्या दर घटास ३.८ व्होल्टच्या सुमारास, थंड जागीं ठेवावयाच्या असतात. तिच्या कडेस किंचित् फुगवटाही आला होता. तो पाहतांच वहिनींनीं ती आधीं घराबाहेर काढावयास लाविली, आणि आमच्या मतें त्यांचें अगदीं योग्य होतें. माळ्यावर पेंढा असलेल्या लांकडी घरांत फुगलेल्या बॅटरीस एक रात्रही थारा नको. ती भोंसकूं नये, पुन्हा भरूं नये, केराबरोबर टाकूं नये. अंगणाच्या कोपऱ्यांत वाळूच्या बादलींत दोन दिवस ठेवून मग मुलानें ती जुनी विद्युत्-सामग्री घेणाऱ्यांकडे पोंचती केली.

नवी बॅटरी मोटरीच्या मानानें स्वस्त पडली. आठवा दिवस उजाडण्यापूर्वीं विमान खाचरावर तीन मिनिटें फिरून उतरलें. तेवढ्या वेळाची घंटा त्यानें मुद्दाम लावून ठेविली होती. बंधु बांधावर पाण्याची बादली आणि झोडपण्यासाठीं ओलें पोतें घेऊन उभे होते. विमान उतरल्यावर त्यांनीं विचारलें तें इतकेंच, कीं आणखी एकदां उडविण्यास बॅटरी किती वेळांत भरते.