हायचं तेल

त्याला थंडी सोसत नाही. जानेवारीच्या सकाळी जुईनगरात पारा अठरा-वीसवर आला की बाटलीतलं तेल तुपासारखं थिजतं. बाटली आडवी केली तरी हलत नाही. उलटी धरली तर काचेला चिकटून बसतं आणि बऱ्याच वेळाने जाडसर ओघळ सोडतं. गॅलरीत ऊन आलं की आधी कडा सुटतात, मग मधला गोळा मऊ पडतो, आणि दुपारी ते पुन्हा चपळ होतं. रंगाने ते लोक समजतात तसं काळंकुट्ट नाही. गडद तपकिरी आहे, उजेडासमोर धरलं की कडेला हिरवट झाक दिसते. बूच उघडल्यावर आधी पेट्रोल पंपावरचा ओळखीचा वास येतो आणि त्याच्या मागून हलकासा मेणाचा.

हे मुंबई हायचं क्रूड, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रातलं कच्चं तेल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या शोकेसमध्ये त्याचा मुक्काम असतो. काका निवृत्त होईपर्यंत ऑफशोअरला होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, जाणं-येणं जुहूहून हेलिकॉप्टरने. त्यांच्या तोंडी ‘मुंबई हाय’ असं पूर्ण नाव कधी येत नाही, नुसतं ‘हाय’. त्या बाटलीबद्दल मात्र ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. “हे खानदानी आहे,” एकदा म्हणाले, “नाकाला झोंबत नाही.” झोंबत नाही, कारण गंधक अगदी कमी. आखाती देशांतल्या कितीतरी तेलांत गंधक दोन टक्क्यांच्या घरात जातं, याच्यात ते ०.२ टक्क्यांहूनही कमी आहे. अंगानेही हे हलकं आहे, त्यामुळे पेट्रोल-डिझेल चांगलं निघतं. रिफायनरीवाल्यांना आवडावं असं तेल. खोड म्हणाल तर एकच, ती म्हणजे मेण. साधारण ३० अंशांच्या खाली ते वाहायचं थांबतं, आणि हायच्या समुद्रतळावरचं पाणी त्याहून थंड असतं. म्हणून उरणला येणाऱ्या नळात ते थिजू नये यासाठी त्यात रसायन घालावं लागतं. तरीही नळाच्या आतल्या अंगाला मेणाचा थर धरतोच. तो खरवडायला नळातून ‘पिग’ सोडतात. तेलाच्याच दाबाने पुढे सरकत जाणारा तो एक खरवडा असतो. काकांच्या गप्पांत पिगिंगचे किस्से वादळांच्या किश्श्यांपेक्षा जास्त.

हे मेण आलं कुठून, हा माझ्या दृष्टीने या तेलाबद्दलचा सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. झाडांच्या पानांवर मेणाचा एक पातळ लेप असतो. पाणी उडून जाऊ नये म्हणून पानानेच केलेली ती सोय. पान कुजतं, पण हा लेप सहजासहजी कुजत नाही. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून बनलेल्या तेलात असं मेण सहसा कमी असतं. जमिनीवरच्या झाडापानांचा वाटा मोठा असेल तर ते भरपूर उतरतं. म्हणजे सकाळी थिजणारी ही बाटली आपलं कूळ सांगत असते. तिचे पूर्वज जमिनीवर, दलदलीच्या काठाला उभे होते.

ते पूर्वज कसे जगले असतील, ते बघायला फार लांब जावं लागत नाही. जुईनगरहून पश्चिमेला निघालं की पाम बीच रोड लागतो आणि त्याच्या पलीकडे तिवरांचं रान. ओहोटीला तिथल्या चिखलात काठी खुपसून पाहा. वरचा बोटभर थर करडा-तपकिरी असतो, त्याखालचा एकदम काळा. काठी बाहेर काढली की भोकातून बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. त्या काळ्या थरात प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे तिथे पडलेलं पान पुरतं कुजू शकत नाही, अर्धंमुर्धं तसंच राहतं. वरून भरतीचा गाळ बसतो, मग आणखी पानं, आणखी गाळ. तेलाची पहिली पायरी हीच: सडायला पुरेशी हवा न मिळालेला चिखल.

सुमारे पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी आजच्या गुजरात-मुंबईच्या किनाऱ्याबाहेर असेच पट्टे होते. दलदली, खाजणं, उथळ खाड्या. त्या थरांना भूवैज्ञानिक ‘पन्ना’ म्हणतात आणि हायच्या तेलाचं जन्मगाव तेच मानलं जातं. त्याच सुमाराच्या जमिनीवरच्या जंगलाचा पुरावा सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत हाती लागला आहे. त्या झाडांचा गोठलेला डिंक आणि त्यात अडकलेले किडे, पाय आणि पंख शाबूत. तेलाचे सोबती आपण असे हातात धरून पाहू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि त्या दलदलीच्याही खाली काय होतं? आपला काळा दगड. जुईनगरच्या पूर्वेला तुर्भे-शिरवण्याच्या बाजूला डोंगर कापून खाणी काढल्या आहेत, तिथे दिसतो तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा. माथेरानला हे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण पनवेलच्या आसपास ते वाकतात आणि तिथून समुद्राकडे कलत जातात. भूविज्ञानाच्या पुस्तकांत या बाकाला पनवेलचंच नाव आहे. पुढे हाच दगड अरबी समुद्रात शिरतो आणि गाळाच्या हजारो मीटर जाडीखाली गडप होतो. हायच्या तळाशी कुठे तो आहे, कुठे त्याच्याहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक.

गाडल्या गेलेल्या चिखलाचं पुढे काय झालं, त्याचा हिशोब उष्णतेचा आहे. जमिनीखाली जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतं. पानाफुलांच्या अवशेषांचं आधी केरोजेन नावाचं घट्ट द्रव्य बनतं. ते साधारण ६० ते १२० अंशांच्या टापूत पोचलं आणि लाखो वर्षं तिथे राहिलं की त्यातून तेल सुटू लागतं. उष्णता कमी पडली तर ते कच्चंच राहतं, फार झाली तर तेल मोडून नुसता वायू उरतो. हायच्या आजूबाजूच्या खोलगट भागांत पन्नाचे थर या टापूत उतरले आणि तेल मोकळं झालं. मोकळं झालेलं तेल जन्मगावी थांबत नाही. पाण्याहून हलकं असल्यामुळे ते खडकाच्या भेगांतून, छिद्रांतून, पाण्याला बाजूला सारत वर आणि आडवं सरकत जातं. वाट सापडली तर समुद्रात निसटून नाहीसं होतं, आणि जगातलं बहुतेक तेल असंच गेलं असणार. हायच्या तेलाला वाटेत एक उंचवटा लागला. त्यावर चुनखडीचे थर होते, सूक्ष्म समुद्रजीवांच्या कवचांचे, छिद्राछिद्रांचे, आणि त्यांच्यावर तेलाला वर जाऊ न देणारा शेल, म्हणजे दबून घट्ट झालेल्या चिखलाचा खडक. मायोसीन काळातला हा चुनखडक काकांच्या भाषेत ‘एल-थ्री’. समुद्रतळाखाली साधारण तेराशे-चौदाशे मीटरवर आहे. तिथे ते अडकलं आणि माणसाची वाट न पाहता निवांत राहिलं.

माणूस पोचला तो आवाजाच्या मदतीने. साठच्या दशकात खंबातच्या आखातात आणि मुंबईच्या समुद्रात ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून ध्वनिलहरी खाली सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून खालच्या थरांचे नकाशे काढले गेले. त्यांत तो उंचवटा दिसला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि देशाचं परकीय चलन आटू लागलं. त्याच वर्षी जपानमध्ये बांधलेलं ‘सागर सम्राट’ भारतात आलं. स्वतःचे पाय समुद्रतळावर टेकून अंग पाण्याच्या वर उचलून उभं राहणारं हे रिग मुंबईपासून १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाण्यात उभं करून ३१ जानेवारी १९७४ला खोदाई सुरू झाली. फेब्रुवारीत तेल लागलं. २१ मे १९७६ला उत्पादन सुरू झालं. एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला जे रिग छापलं आहे ते हेच. पुढे दशकभरात देशात निघणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त मुंबईच्या समुद्रातून येऊ लागलं.

या तेलाच्या जन्माची दुसरीही एक कथा सांगितली जाते. तेल सजीवांपासून बनत नाही, पृथ्वीच्या पोटातूनच वर येतं, अशी. रासायनिक मूलद्रव्यांचा तक्ता मांडणाऱ्या मेंडेलिएव्हने १८७७ साली म्हटलं होतं की खोलवरच्या धातूंच्या कार्बाइडवर पाणी पडून तेल बनत असावं. १९५१ साली सोव्हिएत भूवैज्ञानिक कुद्रियाव्त्सेव्ह यांनी ही कल्पना नव्याने मांडली. पुढे खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी ती इतक्या आग्रहाने मांडली की स्वीडनमध्ये सिल्यान इथे, उल्का पडून फुटलेल्या ग्रॅनाइटमध्ये, सहा किलोमीटरहून खोल विहीर खोदली गेली. विकण्याजोगं तेल मिळालं नाही. या बाजूचे लोक आजही व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्राकडे बोट दाखवतात, कारण तिथे तेल ग्रॅनाइटमध्ये आहे. त्यांनी हायकडेही बोट दाखवावं, इथल्याही तळखडकाच्या भेगांत तेल मिळालं आहे. पण तो तळखडक उंच उठलेला आहे आणि पन्नाचे शिजलेले थर त्याच्या शेजारी, त्याहून खोल आहेत. तेल बाजूने चढत त्या भेगांत शिरलं, हे उत्तर मला पटतं.

त्याहून मोठा पुरावा रेणूंचा आहे. १९३४च्या सुमाराला आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने खनिज तेलात पॉर्फिरिन शोधली आणि ती पानांतल्या हरितद्रव्याशी नातं सांगतात हे दाखवलं. मिथेन वायू सजीवांशिवाय बनू शकतो, शनीच्या टायटन या उपग्रहावर त्याची तळी आहेत. पण हरितद्रव्याचा सांगाडा दगड आणि पाण्यापासून आपोआप बनत नाही. माझ्या मते वाद इथेच संपतो.

ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर २००६ साली तुपी क्षेत्र सापडलं तेव्हा ही दुसरी कथा पुन्हा डोकं वर काढू लागली. दोन किलोमीटर पाणी, मग खडक, मग सुमारे दोन किलोमीटर जाडीचं मीठ, आणि त्याच्याही खाली तेल. इतक्या खोल जीव कुठून आले, असं विचारलं गेलं. जीव खोल गेले नव्हते, जमीन खचली होती. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींपासून फाटत होत्या तेव्हा त्या फटीत सरोवरं होती आणि त्यांच्या तळाशी शेवाळाचा चिखल साचत होता. मग समुद्र शिरला, आटला, मीठ साठलं, आणि सगळं खाली बसत गेलं. आपल्याकडेही आता खोल पाण्यात काम चालतं. काकीनाड्यासमोर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातून ७ जानेवारी २०२४ला ओएनजीसीने पहिलं तेल काढलं. त्यापुढे हायचं ७५ मीटर पाणी उथळच म्हणायचं.

उथळ असलं तरी ते निरुपद्रवी नाही. २७ जुलै २००५ला, मुंबई आदल्या दिवशीच्या पुरात बुडालेली असताना, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायू-तेलाच्या नळ्या फुटल्या, आणि अख्खा प्लॅटफॉर्म दोनएक तासांत जळून कोसळला. २२ माणसं गेली. त्या दिवसाचं नाव निघालं की काका बोलायचे थांबतात, आणि आम्हीही विचारत नाही.

आज हायचं वय झालं आहे. विहिरींतून तेलाबरोबर पाणी फार येतं. नव्वदच्या आसपास गाठलेला उच्चांक पुन्हा दिसला नाही, आणि देशाला लागणाऱ्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. जानेवारी २०२५मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक मदतनीस म्हणून ब्रिटनच्या बीपी कंपनीची निवड झाली. चुनखडकात अजून बरंच तेल अडकलेलं आहे, त्यातलं जितकं जमेल तितकं काढलं जाईल. संपलेलं मात्र परत भरणार नाही. पाच कोटी वर्षं थांबायला कोणी रिकामं नाही.

हाय बघायला तुम्हाला-मला जाता येत नाही. पण तळाचा दगड जुईनगरच्या एका बाजूला आहे आणि सुरुवातीचा चिखल दुसऱ्या बाजूला. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांना दोन्ही दाखवा. ओहोटीची वेळ बघून निघा, जुन्या चपला घाला, आणि काठी त्यांच्याच हातात द्या. आणि तिवरांत डेब्रिजचा ट्रक रिकामा होताना दिसला तर गप्प बसू नका, पोलिसांना कळवा. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला बंदी आहे.