युरेनियमास, अंबाजोगाईच्या गोठ्यातून

युरेनियमास,

तुझं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे अणुबॉम्ब येतो, नाहीतर तारापूरची अणुभट्टी. मी हे पत्र गोठ्यातून लिहितो आहे. तुझी रोजची ये-जा वैरण, पाणी आणि मातीतून चालते, आणि तिच्याकडे आम्ही पशुपालकांनी कधी नीट पाहिलंच नाही.

आधी तुझ्या बाजूचं खरं ते सांगतो. आमच्या बालाघाटाच्या काळ्या दगडात तू फार थोडा आहेस. दहा लाख भागांत एक भागही भरत नाहीस. ग्रॅनाइटच्या मुलखात याच्या कित्येक पट सापडतोस. पिकंही तुला बरंचसं मुळांतच अडवून ठेवतात, त्यामुळे ज्वारीच्या कडब्यात तुझा अंश जेमतेमच चढतो. कुणी घाबरून जावं म्हणून मी लिहीत नाही.

पण जनावर नुसती वैरण खात नाही. उन्हाळ्यात माळावरचं गवत बोटभर उरलं की शेळ्या आणि गुरं ते मुळापासून ओढतात, आणि मुळांची माती त्यांच्या पोटात जाते. वैरणीतून जेवढा येतोस, त्याहून जास्त तू या मातीतून येऊ शकतोस. शेतातल्या मातीत आम्हीही तुझी थोडी भर घालत आलो. डीएपी आणि सुपर फॉस्फेट ज्या फॉस्फेट खडकापासून होतात, त्याच्या अनेक साठ्यांत तू दहा लाख भागांत शंभराच्या आसपास असतोस. हा खडक आपल्याकडे मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून येतो.

फॉस्फरस कमी पडलेली कालवड ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. ती गव्हाणीची भिंत चाटते, माती खाते, उकिरड्यावरचं वाळकं हाड तोंडात धरून लाळ गाळत तासन्‌तास चघळते. त्यावर उपाय क्षार मिश्रणाचा, आणि तो केलाच पाहिजे. पण त्या मिश्रणातलं डायकॅल्शियम फॉस्फेट बहुधा तसल्याच खडकातून निघतं. कारखान्यात त्याची शुद्धी कशी झाली, यावर त्याच्यासोबत तू किती येणार ते ठरतं.

दुष्काळात हे सगळे रस्ते एकदम उघडतात. चारा आखूड होतो, माती जास्त पोटात जाते, आणि हौदात खोल बोअरचं पाणी पडतं. ते पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं. त्यात बायकार्बोनेट जास्त असलं तर तू सहज विरघळून राहतोस. २०१९ साली बीड जिल्ह्यातली गुरं चारा छावण्यांत उभी होती, तेव्हा आमचं सगळं लक्ष पेंढ्या मोजण्यात होतं. पाण्यात काय काय आहे, हे विचारायची उसंत कुणाला होती?

पोटात गेल्यावर तुझा बहुतेक भाग शेणावाटे निघून जातो. रक्तात शिरतो तो शेकडा एक-दोन, कधी त्याहूनही कमी. त्यातलाही मोठा वाटा मूत्रपिंडं दिवसभरात बाहेर टाकतात. उरलेला तू हाडाकडे वळतोस, कारण हाडाच्या स्फटिकावर कॅल्शियमची जागा तुला घेता येते. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात विल्यम न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे तपासलं. जिथे हाड नव्याने घडत होतं, तिथे तू जास्त बसत होतास. म्हणून वाढीच्या वयातल्या वासराची मला जास्त काळजी वाटते.

माणसातही हेच घडतं. साधारण माणसाच्या अंगात तू सुमारे ९० मायक्रोग्रॅम असतोस. त्यातला दोन तृतीयांश हाडांत, उरलेल्यातला बराचसा काळजात (यकृतात) आणि मूत्रपिंडांत. मांसात तू थोडा असतोस.

लोक तुझ्या किरणांना भितात. तुझा मुख्य प्रकार निम्मा व्हायला ४४७ कोटी वर्षं घेतो, म्हणजे किरण सोडण्यात तू अतिशय संथ आहेस. तुझं विष आधी रासायनिक आहे, आणि त्याचा पहिला मार मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांवर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही तुझी मर्यादा ठरवली, तीही याच धोक्याकडे पाहून.

पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतंच सांगतो. पाऊस झाला की आकडा बदलतो. हाड ही मात्र जनावराची खातेवही आहे. मूत्रपिंडातून तू काही आठवड्यांत ओसरतोस, हाडात वर्षानुवर्षं राहतोस. म्हणून तुझा माग काढायचा तर बाटलीभर पाण्यावर थांबून चालणार नाही.

आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांनी मिळून एवढं करावं: मेलेल्या गुरांची हाडं, खाटिकखान्यातल्या उस्मानाबादी शेळ्यांची हाडं, काळीज आणि मूत्रपिंडं, त्याच गावांतलं बोअरचं पाणी आणि तिथे विकलं जाणारं क्षार मिश्रण हे सगळं एकत्र तपासावं. जनावराचं वय आणि गाव प्रत्येक नमुन्यावर लिहावं. क्षार मिश्रणाच्या पिशवीवर तुझं प्रमाण छापणं सरकारने सक्तीचं करावं. आम्ही पशुपालक नमुने द्यायला तयार आहोत, आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत एवढीच आमची अट आहे.

तू या मातीत आमच्या आधीपासून आहेस. तुला हाकलणं कुणाच्या हातात नाही. वासरांच्या पाण्याचा हौद कोणत्या बोअरवर भरायचा आणि कोणतं मिश्रण घ्यायचं, हे मात्र आमच्या हातात आहे. ते ठरवायला आम्हाला आकडे हवेत.

अंबाजोगाईचा एक पशुपालक