गाडीची रोजकीर्द

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर कायमची बिघडते. लोकांना मावळता सूर्य दिसतो. आम्हाला कॅश जुळवायची वेळ दिसते. लोक लग्नाच्या पंगतीत जिलेब्या मोजतात. आम्ही आहेराच्या पाकिटांची मनातल्या मनात बेरीज करतो. आमच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू: नोंद ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या. मोटार ही दुसऱ्या प्रकारातली, असा सर्वसाधारण समज आहे. तो साफ खोटा आहे. मोटारीइतका चोख हिशेबनीस आमच्या शाखेतसुद्धा नाही. (शाखाधिकाऱ्यांनी हे वाक्य वाचू नये.)

वाचकहो, आपल्या मोटारीच्या स्टिअरिंगखाली वाकून पाहा. कंबर परवानगी देत असेल तरच. तिथे सोळा पिनांचे एक सॉकेट सापडेल. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर २०१० पासून त्याची सुरुवात झाली आणि २०१३ मध्ये पुढची पायरी आली. धूर प्रमाणाबाहेर जाऊ लागला तर गाडीने स्वतःच चुगली करावी, हा सरकारचा हेतू. या सॉकेटात काडेपेटीएवढी एक डबी खुपसली की ती मोबाईलशी बिनतारी बोलू लागते आणि गाडीच्या पोटातले सगळे बाहेर काढते. इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापले, पायाने पेडल किती दाबले, हवा किती आत गेली. दर सेकंदाला एक ओळ. अर्ध्या तासात अठराशे ओळी! ही झाली रोजकीर्द. मग ती फाईल इंटरनेटवरच्या एखाद्या संकेतस्थळावर चढवायची, की ते तिची खतावणी करून रंगीत रेघा काढून देते. पगार नाही, रजा नाही, चहा नाही.

हे ज्ञान मला भाच्याने दिले. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या गाड्यांचे ‘ट्यूनिंग’ करतो. पूर्वी ट्यूनिंग म्हणजे स्क्रूड्रायव्हरने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, कान द्यायचा आणि समाधानाने बिडी पेटवायची. आता इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलतात. आकडा बदलला की गाडी पळवून नोंद घ्यायची, रेघा बघायच्या, पुन्हा आकडा बदलायचा. बिडीला कुठे जागाच नाही.

माझ्या गाडीला कसलेही ट्यूनिंग नको होते. दहा वर्षांची डिझेल गाडी, तिला फक्त सासुरवाडीहून परत यायचे होते. माझी सासुरवाडी चिपळूणची. पाटणहून निघाले की कोयनानगर ओलांडून कुंभार्ली घाट उतरायचा. जाताना गाडी अगदी आनंदात. येताना मात्र पोफळी सोडून चढ लागला, की तिचा जीव जायचा. पेडल तळाला टेकले तरी ढिम्म! मागून दुधाचा टेंपो हॉर्न वाजवत पुढे जायचा. सौ. म्हणायची, “अहो, माहेरहून निघताना तिलाही माझ्यासारखंच होत असेल.”

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने सॉकेटला यंत्र जोडले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, “पी ०२९९. टर्बो गेला, सर. बहात्तर हजार.” मुलीची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी त्याच महिन्यात भरायची होती. गाडीचा टर्बो की घरातली इंजिनिअर, असा तो प्रश्न होता. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. कर्ज मागणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो आहे. ते ऐकणाऱ्याला किती गोड लागते, हे त्या तरुणाच्या चेहऱ्यावर दिसले.

पाटणात आमचे एक जुने मिस्त्री आहेत. पलीकडे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी असल्याने आमच्या भागात इंजिन हा घरातलाच प्राणी. मिस्त्रींचे शिक्षण मळ्यातल्या ऑईल इंजिनांवर झाले. नदीपलीकडचे इंजिन ऐकून ते “त्याच्या नोझलात कचरा हाय” असे इथून सांगायचे. पण गाड्यांत कॉम्प्युटर आले आणि पोरे परस्पर कराडला जाऊ लागली. मिस्त्रींकडे उरले ट्रॅक्टर, जुन्या जीपगाड्या आणि माझ्यासारखे लोक. त्यांनी बॉनेट उघडून, डोळे मिटून दहा मिनिटे गाडी ऐकली.

“उभ्या गाडीत काय बी न्हाय, सायेब. चढाला रुसती म्हंजी दाब आला की रुसती. पन घाटात मला काय बॉनेटवर बसवून नेनार हाय का?”

तेव्हा भाचा आला, डबी खुपसली आणि आम्ही चौघे घाट उतरून पुन्हा चढलो. रात्री त्याने फाईल चढवली. पडद्यावर निळ्या, तांबड्या, हिरव्या रेघा नाचू लागल्या. आई जपमाळ थांबवून म्हणाली, “आरं, ह्यो भूकंप कधी झाला?” तिचा दोष नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. तेव्हापासून आमच्या खोऱ्यात वाकडी रेघ म्हणजे धरणीची हालचाल, हाच अर्थ.

भाचा समजावून सांगू लागला. “मामा, ही निळी रेघ म्हणजे टर्बोच्या आधी मोजलेली हवा. तांबडी म्हणजे टर्बोच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी मिळालेला दाब. बाहेरच्या हवेचा दाब साधारण शंभर धरा. चढावर पूर्ण पेडल दिल्यावर तुमच्या गाडीत तो दोनशेच्या वर जायला हवा. इथं एकशे पस्तीसवर अडकलाय.”

“आणि निळी?”

“निळी झकास चढतेय. हवा तर भरपूर आत येतेय.”

आता माझ्यातला कारकून जागा झाला. काउंटरवर भरणा पुरेपूर झाला आणि तिजोरीत रक्कम कमी भरली, तर आमच्याकडे भरणा करणाऱ्याला कोणी धरत नाही. काउंटर आणि तिजोरी यांच्यामधला माणूस धरतात! टर्बो हवा घेत नसता तर निळी रेघही खाली बसली असती. तो बिचारा हवा ओढत होता, ढकलत होता; मधेच कोणीतरी खात होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना मोबाईलवर ते चित्र दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, रेघेवरून बोट फिरवले आणि तांबडी रेघ जिथे दबली तिथे थांबले.

“हितं ‘फुस्स’ व्हतंय बगा,” ते म्हणाले. जणू रेघ त्यांना ऐकू येत होती. मग गाडीखाली सरकले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपवर, खालच्या अंगाला, तेलकट ओल होती. पाइप हाताने पिळल्यावर दोन बोटे लांबीची चीर तोंड उघडून हसली. उभ्या गाडीत दाब नाही म्हणून ती मिटलेली. घाटात दाब आला की उघडायची. पाइप आणि मजुरी मिळून झाले चार हजार शंभर. टर्बो जागच्या जागी राहिला आणि मुलगी कॉलेजात.

यात जिंकले कोण, यावर घरात दोन तट पडले आहेत. भाचा म्हणतो रेघ, आई म्हणते मिस्त्री. मला विचाराल तर ‘पी ०२९९’ हा आकडासुद्धा खरेच बोलला होता. त्याचा अर्थ एवढाच की टर्बोचा दाब हवा तेवढा भरत नाही. टर्बो गेला, हे तो बोललाच नव्हता. ते त्याच्या तोंडी घातले होते.

आमच्याकडे हे रोज चालते. हप्ता नव्वद दिवस थकला की कॉम्प्युटर खात्यावर ‘अनुत्पादक’ असा शिक्का मारतो. आकडा बरोबर असतो. पण दुकानदार बुडवा आहे, की पावसाळ्यात त्याच्या गल्लीचा रस्ता खणून ठेवल्यामुळे गिऱ्हाईक फिरकले नाही, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते. त्यासाठी त्या गल्लीतून जावे लागते. नोंद ‘काय झाले’ ते सांगते. ‘का झाले’ ते सांगायला पाइपाखाली कोणीतरी आडवे पडावे लागते. आणि आडवे कुठे पडायचे, हे पुन्हा नोंदच सांगते.

मिस्त्रींनी आता भाच्याकडून तसली एक डबी मागवली आहे. गाडी आली की आधी ते डोळे मिटून ऐकतात, काय ते मनाशी ठरवतात आणि मग नातवाला हाक मारतात, “आरं, त्या डबीला इच्यार, मी म्हंतोय ते बरूबर हाय का.” कराडला जाणाऱ्या दोन गाड्या गेल्या महिन्यात त्यांच्या दारात थांबल्या. दोन हा आकडा लहान आहे, पण मी तो नोंदवून ठेवला आहे.

घरी मात्र या विद्येचा भलताच उपयोग सुरू झाला आहे. परवा सौ. पासबुक आणि वाण्याची वही शेजारी शेजारी मांडून बसली होती.

“अहो,” ती म्हणाली, “पगार काउंटरवर तर पूर्ण जमा होतोय. घरात पोचेपर्यंत दाब कमी होतो. मधला पाइप कुठं फुटलाय, मिस्त्रींना विचारायचं का?”

तेवढ्यात भाच्याचा फोन आला म्हणून बरे. मी तो अंगणात जाऊन घेतला आणि चांगला अर्धा तास, म्हणजे अठराशे ओळी, बोलत राहिलो.