घरी कळवण्याचा धाक

नागपूर

आदरणीय मॅडम यांस,



मध्य प्रदेशातील बालाघाटच्या महाविद्यालयात समलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांच्या छळाविरुद्ध जागृतीचा कार्यक्रम घ्यावयाचा झाल्यास तो कोणासाठी घ्यावयाचा, हे आधी ठरवावे लागते. ज्यांना स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते ते समलिंगी, आणि जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग ज्यांच्या स्वतःच्या ओळखीशी जुळत नाही ते पारलिंगी, एवढी व्याख्या पहिल्या दहा मिनिटांत सांगून होते. परंतु असा कार्यक्रम या विद्यार्थ्यांसाठी आहे असे जाहीर केले, की त्यांच्यापैकी कोणीही तिकडे फिरकणार नाही, कारण सभागृहात शिरणे हीच कबुली ठरते. ‘मीठा’, ‘छक्का’, ‘बायल्या’ अशा हाका चालू असताना मागच्या बाकावर हसणारा वर्ग, त्या ऐकूनही हजेरी पुढे घेणारे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे अधीक्षक हेच या कार्यक्रमाचे खरे श्रोते होत.

या छळाचे मुख्य हत्यार मारहाण नसून उघडे पाडण्याची धमकी आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एका मराठीच्या अध्यापकाचेच आहे. नागपूरकडचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत असत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते, आणि ‘पाया खालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या पुरस्काराने गौरवला गेला होता. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली असताना, 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे विद्यापीठाच्या आवारातील त्यांच्या घरात शिरली आणि त्यांनी सिरसांच्या खाजगी संबंधांचे चित्रण केले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांनाच. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजीच दिलेला होता. 1 एप्रिल 2010 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि 7 एप्रिल रोजी ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. न्यायालयाने नोकरी वाचवली तरी उघडकीस आलेली गोष्ट पुन्हा झाकता येत नाही, हे या आठवड्याभराच्या अंतरातून जितके कळते तितके कोणत्याही भाषणातून कळणार नाही.

विजय तेंडुलकरांच्या 1981 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातही महाविद्यालय आहे, सुमित्राचे नमा या मुलीवरचे प्रेम आहे आणि तिच्या पत्राचा शस्त्रासारखा वापर करणारा मन्या दळवी आहे. आवश्यक परवानगी घेऊन त्यातील एखाद्या प्रवेशाचे वाचन ठेवल्यास वारासिवनी-लांजीकडच्या मराठी समजणाऱ्या मुलांपर्यंत ते थेट पोहोचेल, इतरांसाठी हिंदीत सारांश पुरे. मात्र वाचनानंतरची चर्चा सुमित्राविषयी न करता सारे काही पाहणाऱ्या तिच्या मित्राविषयी, बापूविषयी करणे अधिक उपयोगाचे. सिरस आणि सुमित्रा या दोन्ही कथा मृत्यूपाशी थांबत असल्याने, अशा आयुष्याचा शेवट हाच असतो असा समज घेऊन कोणी घरी जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागेल; त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही, कारण याच मध्य प्रदेशातील सोहागपूरच्या मतदारांनी तृतीयपंथी शबनम मौसी यांना विधानसभेवर पाठवले होते.

प्राचार्यांची परवानगी ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांमध्ये 2016 साली दुरुस्ती होऊन, लिंग (यात पारलिंगी ओळखही येते) किंवा लैंगिक कल, म्हणजे आकर्षणाची दिशा, यांवरून विद्यार्थ्याला दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास, त्यात दमदाटी आणि वाळीत टाकणेही आले, रॅगिंग ठरवला गेला आहे. रॅगिंग करणार नाही असे प्रतिज्ञापत्र प्रत्येक विद्यार्थी आणि त्याचे पालक भरून देतात, पण त्यात ही बाब येते हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. आयोगाने 12 ऑगस्ट हा रॅगिंगविरोधी दिन आणि 12 ते 18 ऑगस्ट हा सप्ताह ठरवून दिलेला असल्याने, त्याच सप्ताहातील एक सत्र या विषयाला दिल्यास वेगळ्या, वादग्रस्त ठरू शकणाऱ्या कार्यक्रमाची मागणीच करावी लागत नाही, आणि नवी मुले बैहर, किरनापूर, कटंगीहून येऊन खोल्या घेत असतात त्याच दिवसांत ते होते. इंद्रधनुषी रांगोळीची स्पर्धा हवीच असेल तर घ्यावी, तिने कोणाचे नुकसान होत नाही. एवढेच की तिने अधीक्षकांना काही समजतही नाही.

वक्ता म्हणून नागपूरच्या सारथी ट्रस्टसारख्या या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेतील व्यक्तीला बोलावता येईल, मात्र तिला स्वतःची जीवनकहाणी सांगण्याची गळ घालू नये. श्रोत्यांना हात वर करावयास लावू नये. प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत, आणि चिठ्ठी सर्वांनी द्यावी, कोरी असली तरी चालेल, म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या अहवालाला छायाचित्रे लागतात हे खरे, पण ती व्यासपीठाची काढावीत. श्रोत्यांचे छायाचित्र विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले, की संध्याकाळपर्यंत ते गोंदियातील नातेवाइकांकडे पोहोचलेले असते.

सर्वांत अवघड भाग महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीच्या सदस्यांसाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागेल. तक्रार आली की प्रथम पालकांना दूरध्वनी करण्याची सवय बहुतेक महाविद्यालयांत आढळते, आणि एरवी ती योग्यही असेल. परंतु ज्या मुलाला ‘घरी सांगू’ याच धमकीने छळले जात आहे, त्याच्या बाबतीत तो दूरध्वनी म्हणजे छळणाऱ्याचे उरलेले काम समितीनेच पूर्ण करणे होय. म्हणून सज्ञान विद्यार्थ्याने तक्रार केल्यास त्याच्या लेखी संमतीवाचून घरी काहीही कळवले जाणार नाही, आणि तक्रारीचा मजकूर दोघा सदस्यांपलीकडे जाणार नाही, असा ठराव समितीने सप्ताहापूर्वी करून घ्यावा. आयोगाच्या 1800-180-5522 या मदत क्रमांकासह तो ठराव वसतिगृहाच्या फलकावर लागेपर्यंत व्याख्यानाची तारीख जाहीर न केलेली बरी.



आपला विद्यार्थी