वाकड्या वाटेनं लोणार

जर्मनीत नोर्डलिंगनला आम्ही चौघी उतरलो ते चुकून. डोनाउव्हर्थला गाडी बदलताना भलत्याच गाडीत चढलो, परतीची गाडी यायला वेळ होता, म्हणून गावात शिरलो आणि सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा चढलो. वर पोचल्यावर दूरवर टेकड्यांचं कडं दिसलं. अख्खं गाव अशनीनं पाडलेल्या खड्ड्यात वसलं आहे! व्यास सुमारे 24 किलोमीटर, वय जवळपास दीड कोटी वर्षं. लोक त्याला ज्वालामुखीचं काम समजत. 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांना तिथल्या दगडात कोएसाइट सापडलं आणि तो समज गेला. हे खनिज तिथं घडलं ते आघाताच्या प्रचंड दाबाखाली.

खाली उतरताना आमच्यातली सोलापूरची म्हणाली, "अगं, असं एक तुझ्या आजोळच्या जिल्ह्यात आहे ना?"

आहे. माझं आजोळ चिखलीचं. लहानपणीच्या कितीतरी सुट्ट्या तिथं गेल्या, पण लोणार मी पाहिलेलं नव्हतं. त्या मनोऱ्याच्या पायऱ्यांवर मला याची फार लाज वाटली. पुढच्या जानेवारीत आम्ही चौघी पहाटेच्या गारठ्यात शेगावला उतरलो.

बेत सरळ होता: समाधीचं दर्शन, खामगाव, मेहकर आणि संध्याकाळच्या आत लोणार. तीन गाड्या बदलल्या. दुतर्फा तुरीची काढणी चाललेली, मधूनच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. मेहकरला बालाजीच्या देवळात गेलो आणि तिथून पाय निघेना. काळ्या पाषाणातली शार्ङ्गधराची उंच मूर्ती, तिच्या अंगावरचे दागिने इतके बारीक कोरलेले की पाषाण आहे हे विसरायला होतं. शतकानुशतकं ती जमिनीखाली होती. 1888 साली खोदकाम करताना सापडली आणि गावानं तिची प्रतिष्ठापना केली. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा लोणारची गाडी गेलेली होती.

तेवढ्यात एक जीप थांबली. आतल्या बायकांनी भगवे फेटे बांधलेले. "जय जिजाऊ! सिंदखेडला येता का? सरका गं, चौघी बसतील." तारीख होती 11 जानेवारी. दुसऱ्या दिवशी जिजाऊंची जयंती! आमच्यापैकी एकीच्याही ते ध्यानात नव्हतं. आम्ही चढलो.

सिंदखेड राजात त्या रात्री मुक्कामाला जागा मिळणं अवघडच होतं. जीपमधल्या आजींनी परस्पर ठरवून टाकलं की आम्ही त्यांच्या लेकीकडे उतरायचं. त्या घरी रात्री उकडलेल्या तुरीच्या शेंगा, भाकरी आणि ठेचा. पहाटे जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीराजांच्या वाड्याच्या महादरवाजासमोर पोचलो तर बायकांचा सागर. तान्ह्या लेकी कडेवर घेऊन आलेल्या आया, शाळेच्या मुली, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. 12 जानेवारी 1598 रोजी इथं जिजाऊ जन्मल्या. जन्मस्थळाच्या पायरीला हात लावताना नागपूरची ढसाढसा रडली, आणि का ते कुणी विचारलं नाही.

मला मात्र लखुजीराजांच्या समाधीपाशी थांबायचं होतं. 25 जुलै 1629 ला देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात त्यांना आणि अचलोजी, राघोजी या मुलांना, यशवंतराव या नातवाला दग्यानं मारलं. त्यानंतर सातच महिन्यांनी शिवनेरीवर शिवराय जन्मले. म्हणजे माहेर एका दिवसात उजाड झाल्याची बातमी आली, तेव्हा जिजाऊंना नुकतेच दिवस गेले होते. ही दोन सालं आपण इतिहासात वेगवेगळ्या पानांवर वाचतो. तिथं उभं राहिल्यावर ती एकाच बाईच्या आयुष्यात येऊन बसली.

याच समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याच्या लोकांना काही वेगळे दगड दिसले. खणलं तर मंदिराचा भाग निघाला, आणि जून 2024 मध्ये त्याखाली शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती, पायाशी लक्ष्मी. समाधी सावरायला गेले होते, देव सापडला. मेहकरचा बालाजी आठवला. हुकलेली लोणारची गाडीही आठवली.

13 तारखेला लोणार. काठावरून पहिल्यांदा दिसलं तेव्हा चौघीही गप्प. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा, काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेला वाडगा आणि तळाशी हिरवट खारं पाणी. लवणासुराला दैत्यसूदनानं मारलं ही कथा गावाला पिढ्यानुपिढ्या ठाऊक. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी 1823 मध्ये सरोवराची नोंद केली. पुढं दीर्घकाळ तज्ज्ञांनी यालाही ज्वालामुखीच मानलं. 1973 मध्ये इथल्या खडकात आघातानं बनलेली काच दाखवून दिली गेली, तेव्हा वाद मिटला. नोर्डलिंगनचीच गोष्ट, बारा-तेरा वर्षं उशिरा. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

गोमुखाच्या धारेचं गोड पाणी ओंजळीनं प्यायलो आणि खाली उतरलो. कमळजा देवीच्या देवळाजवळ सोलापूरचीनं पर्समधून एक चुंबक काढलं. नोर्डलिंगनला घेतलेलं, त्यावर मनोऱ्याचं चित्र. काठच्या मातीवरून तिनं ते हलकेच फिरवलं आणि काळे कण सरसरून त्याला चिकटले. आम्ही ते बोटांनी पुसून जागच्या जागी सोडले. मनोऱ्याच्या कडेला अडकलेले दोन-चार कण काही केल्या निघेनात.