कोणी जास्त ओतलं

लेकीनं कुंभकोणमहून बारा निऑन टेट्रा आणले, तेव्हा पहिला आक्षेप भिंतीपलीकडून आला. "रायरच्या घरात मासे? येणारा-जाणारा काय समजेल?"

पट्टीश्वरम्‌मध्ये आम्हाला रायर म्हणतात. तंजावरचं मराठ्यांचं राज्य 1855 साली गेलं, आमची मराठी मात्र तमिळचं मीठ खाऊन घरात टिकली. तिचा मुख्य उपयोग भांडणासाठी. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळेच अण्णा म्हणतात, वाटणीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. चौकात भिंत उभी राहिली होती. जे सांगायचं ते भिंतीला सांगायचं, ऐकणारा ऐकायचा. इथल्या धेनुपुरीश्वराच्या देवळात नंदी गाभाऱ्यासमोर नाहीत, बाजूला सरलेले आहेत. मोत्यांच्या मांडवाखालून येणारे बालसंत संबंदर नीट दिसावेत म्हणून शंकरानंच त्यांना सरकायला सांगितलं, अशी कथा आहे. आमच्या घरातले दोन नंदी शंकरानं सांगूनही हलले नसते.

वाटणीत पारिजातक आमच्याकडे आला, पण फुलांचा हक्क अण्णांकडे राहिला. त्यामुळे रोज पहाटे ते परडी घेऊन आमच्या अंगणात येत. एकदा उघड्या खिडकीतून त्यांनी टाकीवर बॅटरी मारली आणि झाडाला मोठ्यानं सांगितलं, "मेले. सगळे मेले."

लेक धावत आली. मासे तरंगत होते, पण निळा पट्टा नाही, लाल नाही, नुसते फिकट राखाडी जीव. तिनं दिवा लावला आणि काही मिनिटांत निळा रंग परत चढला. निऑनची निळाई रंगद्रव्याची नसते. कातडीतल्या पेशींत पारदर्शक स्फटिकांचे थर असतात, त्यांच्यावरून प्रकाश परततो म्हणून पट्टा चमकतो. अंधारात त्या थरांमधलं अंतर बदलतं आणि चमक विझते. ॲमेझॉनच्या काळसर पाण्यातला हा मासा रात्री असा स्वतःला मालवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा आले. मग रोज. दिवा आता तेच लावत आणि निळं होईपर्यंत उभे राहत. परडी भरायला फार वेळ लागू लागला. आधी त्यांची चाहूल लागली की बाराही मासे घट्ट एका कोपऱ्यात गोळा होत. घोळका हे त्यांचं भीतीचं काम, निर्धास्त असले की ते सैल पांगतात. वडिलांनी भिंतीला सांगितलं, "मासेसुद्धा ओळखतात माणूस." पुढे मासे अण्णांना पाहून पांगलेलेच राहू लागले. त्यावर वडील भिंतीला काही बोलले नाहीत.

15 नोव्हेंबर 2018 ची रात्र. गज चक्रीवादळ नागपट्टणम्‌ आणि वेदारण्यम्‌च्या दरम्यान किनाऱ्यावर चढत होतं. आमच्याकडे वारा उठला, वीज गेली आणि टाकीतले बुडबुडे थांबले. लेक ओरडली, "अण्णा, मासे गुदमरतायत!" वडील घरात असताना तिनं हाक पलीकडे मारली, हे त्यांना लागलं. पण अण्णा भिजत आले, हातात संध्येचा तांब्या. टाकीतलं पाणी भरून घ्यायचं आणि उंचावरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे पाण्याबरोबर हवा जाते. थोड्या वेळानं त्यांचा हात भरून आला. वडिलांनी तांब्या मागितला नाही, हात पुढे केला. अण्णांनी दिला नाही, टाकीच्या काठावर ठेवला. बाहेर केळी मोडल्याचे आवाज येत होते. आत कंदिलाच्या उजेडात राखाडी मासे, आणि पाळीपाळीनं पाणी ओतणारे दोन म्हातारे. "दे." "घे." आणखी काही नाही. मी मधे जायला निघालो, तेव्हा दोघांनी एकदमच मला हटकलं.

बाराही जगले. काही दिवसांनी मी दुकानदाराला हा पराक्रम सांगितला. तो हसला. म्हणाला, एवढीशी पोरं, एवढी मोठी टाकी. एका रात्रीत त्यांना काही झालं नसतं, तुम्ही झोपला असता तरी चाललं असतं.

हे मी घरी सांगितलं नाही.

कारण तोवर भिंत बाद झाली होती. कोणी जास्त ओतलं, यावर दोघं थेट तोंडावर भांडू लागले होते. अण्णा फुलं घेऊन निघताना म्हणत, "मी नसतो तर?" वडील म्हणत, "पहाटेपर्यंत हात कुणाचा चालला?" समेट असा झालाच नाही. वाटणीचा कागद तसाच राहिला, भिंतही तशीच. पण रोज सकाळी दोन म्हातारे एका टाकीपाशी उभे राहून एकमेकांना खोटं पाडत होते. दुकानदाराचं वाक्य मी त्यांच्यात टाकलं असतं तर दोघंही एकदमच हरले असते.

2021 मध्ये वडील गेले. मासे एकेक करून कमी होत गेले, आणि 2023 च्या पावसाळ्यात शेवटचा गेला. एकटा उरल्यापासून तो झाडांमागेच दडून असायचा. त्या दिवशी अण्णा टाकीपाशी बराच वेळ होते. मग म्हणाले, "तुझा बाप झोपला होता त्या रात्री. मीच वाचवले."

खोडून काढणारं कुणी उरलं नव्हतं. मी मान हलवणार होतो.

"अण्णा," लेक म्हणाली, "तुम्ही तांब्या अर्धाच भरत होता. आजोबा काठोकाठ भरायचे. मी बघितलंय."

अण्णा उठून गेले. फुलांनाही येईनात. मग एका पहाटे पारिजातकाखालून आवाज आला, "अर्धा तांब्या जास्त उंच धरता येतो. उंचावरून पडलं की हवा जास्त जाते. रिकाम्या डोक्याला हे कळायचं नाही."

लेक उत्तराची तयारी करते आहे.