कोनाड्यातले अमेरिकन घड्याळ: अस्सल कशाला म्हणावे?

१/ घड्याळ सामान्य माणसाच्या घरात पोहोचले, याचे बरेचसे श्रेय अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याकडे जाते. तेथील चॉन्सी जेरोम यांनी पितळी पत्र्यातून ठोकून काढलेल्या चाकांची स्वस्त घड्याळे १८४२ मध्ये इंग्लंडला पाठवली. किंमत इतकी अल्प, की कस्टम अधिकाऱ्यांना ती खोटी वाटली आणि त्यांनी जाहीर किमतीला सारा मालच विकत घेतला!

२/ अशी घड्याळे फळीवर वा कोनाड्यात ठेवीत. सेलूला माझ्या आजोळी सेठ थॉमस कंपनीचे एक आहे. ते विकण्याचे घाटत आहे. मात्र खरेदीदाराने 'अस्सल नाही' म्हणून भाव पाडला. तपासणीचे काम मामांनी माझ्यावर सोपवले.

३/ पहिला पुरावा पेटीच्या आत चिकटवलेल्या छापील कागदाचा. सेठ थॉमस १८५९ मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या 'प्लिमथ हॉलो' गावाला 'थॉमस्टन' हे नाव मिळाले. आमच्या कागदावर 'थॉमस्टन' आहे, म्हणजे तो नामांतरानंतरचा. यंत्रावरील ठसाही त्याच कंपनीचा.

४/ दुसरा पुरावा भोकांचा. यंत्र बदलले असते, तर लाकडात जुन्या स्क्रूंची रिकामी भोके दिसली असती. तशी एकही नाही. तबकडी मात्र नंतरची: इतकी वर्षे चावी दिल्यावर भोकांभोवती जे ओरखडे उमटतात, ते तिच्यावर नाहीत. म्हणजे खरेदीदाराचे म्हणणे अर्धेच खरे.

५/ यंत्राच्या मागच्या पत्र्यावर कुणा घड्याळजीने उर्दू अंकांत '१३३८' कोरले आहे, पुढे 'फे' हे अक्षर. खरेदीदाराला तो कारखान्याचा क्रमांक वाटला. वास्तविक 'फे' म्हणजे फसली. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती आणि तेथील कारभार फसली सनाने चाले. त्यात ५९० मिळवले की १९२८-२९ येते. हे दुरुस्तीचे वर्ष असावे.

६/ संग्राहकाच्या लेखी बदललेली तबकडी ही उणीवच, आणि बाजारात तिचा भाव कमी होणे रास्त आहे. परंतु कनेक्टिकटचे यंत्र, मराठी घर आणि उर्दू आकडे यांची गाठ जिथे पडते, तो पत्रा हा आपल्या प्रांताचा अस्सल दस्तऐवज आहे. तोच घासून लखलखीत करण्याचा खरेदीदाराचा बेत होता.

७/ मामांना पैशांची निकड आहे. घड्याळ बहुधा जाईल. पत्रा न घासण्याची अट मात्र त्यांनी घातली आहे. आपल्या घरी असे घड्याळ असेल, तर पॉलिश करण्याआधी पाठ वाचा आणि तिचे छायाचित्र काढून ठेवा.